आधी घराला कंठ फुटू दे

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत मी गेली बावीस वर्षं गाण्याचा क्लास घेते. जूनमध्ये शाळा उघडल्या की आठवड्याभरात कोणी ना कोणी चार-साडेचार वर्षांचं मूल बोटाला धरून दारात उभं राहतं. यंदा एक आई आली. मुलगी पायरीवर बसून बुटाचा वेलक्रो काढत-लावत होती, त्या खर्रखर्र आवाजात रमलेली.

"बाई, हिचा आवाज लई गोड हाय बघा. आत्तापासनंच पेटीवर बसवूया की."

मी विचारलं, "घरी कोण गातं?"

"घरी? घरी कोण न्हाई वं गात. म्हणून तर तुमच्याकडं आलो."

मी त्यांना परत पाठवलं. घरात मुलीबरोबर दहा गाणी म्हणा, सात वर्षांची झाली की घेऊन या, असं सांगितलं. बाईंचा चेहरा उतरला. पोरगी नापास झाली असंच त्यांना वाटलं असावं. त्यांना त्या दिवशी दारात उभ्या उभ्या जे सांगता आलं नाही ते इथे मांडते आहे, कारण "घरी कोणी गात नाही म्हणून क्लास" हा हिशोब आता कोल्हापुरात घरोघरी झाला आहे आणि तो मुळातच उलटा आहे.

क्लासमध्ये काय चालतं ते आधी सांगते. पंधरा मुलं सतरंजीवर बसतात. मी पेटीवर सा धरते, मुलं सा लावतात. मग सरळ अलंकार, मग दोन-दोन सुरांचे, मग तीन-तीन. दहा वर्षांच्या मुलाला यात गंमत वाटू शकते. आकडेमोडीसारखा त्याचा एक नाद असतो, आणि आपण कुठे चुकलो हे त्याचं त्याला कळतं. चार वर्षांच्या मुलासाठी मात्र 'सारेग रेगम' म्हणजे कुठल्याच वस्तूचं नाव नसलेले शब्द. त्याने आधी गाणं पोटभर ऐकलं असेल, गायलं असेल, तर त्या गाण्यातलेच हे तुकडे आहेत हे पुढे त्याला ओळखता येतं. भाषेचंही असंच असतं. मूल तीन-चार वर्षं बोलतं आणि मग आपण त्याला बाराखडी गिरवायला देतो. न बोलणाऱ्या घरातल्या मुलाला थेट बाराखडी द्या असं कुणी म्हणणार नाही. गाण्याच्या बाबतीत आपण नेमकं तेच करतो आहोत.

त्यात परीक्षा. प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा, विशारद, अलंकार ही शिडी माझ्याही क्लासमध्ये आहे आणि तिच्याबद्दल मला आदर आहे. शास्त्रीय गायन, वादन, नृत्याच्या या परीक्षा दिलेल्यांना दहावीला वाढीव गुण मिळतात. त्यामुळे एक नवाच हिशोब सुरू झाला: दहावीच्या आत अमुक इतक्या परीक्षा व्हायला हव्यात, म्हणजे सुरुवात अमुक वर्षी करायला हवी. आठवीपासून मागे मोजत मोजत पालक पहिलीपर्यंत आले आणि आता बालवाडीत शिरले. सहा वर्षांची मुलगी रागाचे आरोह-अवरोह, वादी-संवादी घडाघडा म्हणून दाखवते आणि तोच राग समोर कुणी गायला तर तिला ओळखू येत नाही, हे मी परीक्षेच्या आदल्या आठवड्यात कितीतरी वेळा पाहिलं आहे. दोष त्या मुलीचा नाही, आणि परीक्षेचाही पूर्ण नाही. कान तयार व्हायच्या वयात आपण तिच्याकडून पाठांतर मागितलं.

कोल्हापूरच्या माणसाला हे कुस्तीवरून चटकन पटावं. आपल्याकडे 'तालीम' हा एकच शब्द पहिलवानालाही लागू आहे आणि गवयालाही. पहिलवानाच्या घरातलं पोर आधी वर्षानुवर्षं तांबड्या मातीत नुसतं लोळतं. मोठ्यांच्या अंगावर चढतं, पडतं, माती खातं. चौथ्या वर्षी त्याची जोड लावून त्याला खासबागेच्या कुस्ती मैदानात उतरवायचं कुणाच्या मनातही येत नाही. गाण्यातली ती माती कुठे आहे, असं मला कुणी विचारलं तर मी घराकडे बोट दाखवीन.

घराणं या शब्दातच घर आहे. आपलं शहर तर जयपूर-अत्रौली घराण्याचं माहेर. या घराण्याचे प्रवर्तक अल्लादियाखाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारात गायक होते. १९२२ साली महाराज गेल्यानंतर ते मुंबईला गेले, पण त्यांचे धाकटे चिरंजीव भूर्जीखाँ यांच्यामुळे ती तालीम इथे चालू राहिली. मल्लिकार्जुन मन्सूर यांनी त्यांच्याकडून घेतलं. १९२७ साली कोल्हापुरात जन्मलेल्या धोंडूताई कुलकर्णी पुढे याच घराण्याच्या मोठ्या गायिका झाल्या. त्यांचं घर पिढीजात गवयांचं नव्हतं, पण वडिलांना गाण्याचं विलक्षण वेड होतं, आणि १९४० पासून दहा वर्षं त्यांना भूर्जीखाँसाहेबांची तालीम मिळाली. मला यात भूर्जीखाँसाहेबांइतकंच महत्त्व त्या वडिलांचं वाटतं. गुरू दारात येण्याआधी त्या घराने गाण्याला जागा करून दिलेली होती.

खाँसाहेबांच्या घरातल्या मुलांनी तर कळायला लागायच्या आधीच हजारो तास गाणं ऐकलेलं असायचं. स्वयंपाकघरात, अंगणात, पहाटेच्या झोपेत. समोर बसवून शिकवणं त्यानंतरचं. जुन्या तालमीचं मी उगाच गुणगान करत नाही. ती कठोर होती, बऱ्याचदा निष्ठुर होती, आणि जन्माने बाहेरच्यांना तिचं दार सहसा बंद असे. ते दार उघडणारा माणूसही आपल्याच जिल्ह्यातला. विष्णु दिगंबर पलुस्कर १८७२ साली कुरुंदवाडला जन्मले, मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकले आणि ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. कुणीही यावं, फी भरावी, गाणं शिकावं. माझ्यासारख्या बाईला आज क्लास घेता येतो तो त्यांच्या पुण्याईवर. पण पलुस्करांच्या काळी क्लासला येणारा मुलगा आधी भजनात, कीर्तनात, आरतीत, आईच्या ओव्यांत भिजून आलेला असायचा. शाळेने फक्त त्याला घडण द्यायची होती. आज माझ्याकडे येणारं मूल कोरडं येतं.

आणि मी म्हणते आहे ते गवयांच्या घरांबद्दल नाहीच. माझी आज्जी शिवाजी पेठेत राहायची. शाळेचं तोंड तिने पाहिलं नव्हतं, राग म्हणजे तिच्या लेखी फक्त संताप. पण जात्यावर बसली की तिच्या गळ्यातून एकामागून एक ओवी यायची. जात्याच्या एका फेऱ्यात ओवीचा एक चरण बसवायचा, खुंटा स्वतःकडे ओढताना सूर वर न्यायचा, पुढे ढकलताना खाली आणायचा. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. अशा बायकांच्या एक लाखाहून अधिक ओव्या गी प्वातव्हाँ आणि हेमा राईरकर या अभ्यासकांनी महाराष्ट्राच्या गावागावांतून गोळा केल्या. एवढा मोठा गाता समाज एकाही क्लासविना उभा होता. पंचमीला झिम्मा-फुगडी, गौरी जागवायच्या गाण्यांनी रात्र सरायची, आश्विनात पाटावर हत्ती काढून हादगा, पहाटे काकड आरती, गुरुवारी भजन. चार वर्षांचं पोर या सगळ्याच्या मधोमध कुणाच्या तरी मांडीवर असायचं. त्याला कुणी "आता तू म्हण" असं सांगायचं नाही. एके दिवशी ते आपोआप शेवटचा शब्द म्हणू लागायचं, मग शेवटची ओळ.

जातं गेलं ते बरंच झालं. त्यावर बायकांच्या हाडांची पिठी झाली, ते परत यावं असं मी म्हणणार नाही. फक्त जात्याबरोबर गळाही गेला, आणि त्या जागी आपण काही ठेवलं नाही.

यावर पालकांचं ठरलेलं उत्तर असतं: घरात गाणी तर दिवसभर वाजतात. खरं आहे. आजचं मूल दोन वर्षांचं होईपर्यंत जितकं संगीत ऐकतं तितकं माझ्या आज्जीने आयुष्यात ऐकलं नसेल. पण मोबाईलमधलं गाणं मुलासाठी थांबत नाही. मूल अडखळलं तर ते हळू होत नाही, मुलाने मध्येच वेगळा शब्द घातला तर हसत नाही, त्याचा सूर वर गेला तर आपला सूर वर नेत नाही. आई गाते तेव्हा हे सगळं होतं, तिच्याही नकळत होतं. गर्भातलं मूल शेवटच्या तीन महिन्यांत आवाज ऐकू लागतं, आणि त्याला सगळ्यात जवळून ऐकू येतो तो आईचाच आवाज. जगात आल्यावर तो आवाज गाणारा निघाला तर मुलाला दुसरा कुठला गायक आणून द्यावा लागत नाही.

आता यातलं सगळ्यात अवघड दुखणं. "बाई, आम्ही बेसूर आहोत." दहातले सात-आठ पालक हे म्हणतात, आणि अगदी ठामपणे म्हणतात. मला दर वेळी माझा धाकटा भाऊ आठवतो. तो तिसरीत होता. शाळेत पंधरा ऑगस्टच्या समूहगीताची तालीम चालली होती. शिक्षिका ओळीतून फिरत प्रत्येकाच्या तोंडाजवळ कान नेत होत्या. त्याच्यापाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "तू नुसते ओठ हलव." तो आज पंचावन्न वर्षांचा आहे. तेव्हापासून तो गायलेला मी ऐकला नाही. गणपतीच्या आरतीला सगळं घर उभं असतं तेव्हा तो टाळ वाजवतो आणि नुसते ओठ हलवतो. त्याची दोन मुलं बापाच्या आवाजातलं एकही गाणं न ऐकता मोठी झाली. एका वाक्याने दोन पिढ्या गप्प केल्या. त्या बाई वाईट नव्हत्या. कार्यक्रम छान व्हावा एवढीच त्यांची इच्छा होती. म्हणूनच मला या गोष्टीची जास्त भीती वाटते.

खरोखर ज्यांना सूर वेगळे ओळखताच येत नाहीत अशी माणसं फार थोडी असतात. बाकीचे सगळे 'बेसूर' म्हणजे ज्यांना योग्य पट्टीत, म्हणजे आपल्या गळ्याला पेलेल अशा उंचीवर, पुरेसा वेळ गायला मिळालं नाही असे लोक. माझ्या भावाचं काय झालं असेल याचा मी खूप विचार केला आहे. लहान मुलाचा आवाज वरच्या बाजूला असतो आणि चार-पाच वर्षांचं मूल पाच-सहा सुरांच्या परिघातच सहज फिरतं. मोठी बाई तिच्या सोयीच्या पट्टीत गाते तेव्हा तिचे खालचे सूर मुलाच्या गळ्यात मुळी नसतातच. मूल ते शोधायला जातं, सापडत नाहीत, मग ते बोलल्यासारखं काहीतरी गुणगुणतं. आपण म्हणतो, बेसूर आहे. पट्टी थोडी वर घ्या, तेच मूल अलगद सुरात येतं. शिवाय ऐकलेला सूर गळ्यातून नेमका काढणं ही गोष्ट बहुतेक मुलांत सहा-सात-आठ वर्षांपर्यंत हळूहळू घट्ट होत जाते. त्याआधी ते डगमगणारच. पहिलं पाऊल टाकताना पडलेल्या मुलाला "तू बसून राहा, नुसते पाय हलव" असं आपण म्हणत नाही.

घरात काय करायचं असं विचारणाऱ्यांना मी सांगते, मुलाची हाक ऐका. गल्लीच्या टोकावरून पोर "आ-ई" अशी हाक मारतं तेव्हा पहिलं अक्षर वर आणि दुसरं खाली येतं. कान देऊन ऐका, बहुतेक वेळा ते पंचमावरून गंधारावर उतरलेलं असतं. प ग. भाजीवाल्याच्या आरोळीत, मुलांच्या एकमेकांना चिडवण्यात, खेळताना राज्य घेण्याच्या ओळींत हीच जोडी सापडते. हंगेरीचे संगीतकार झोल्तान कोदाय यांच्या पद्धतीत लहान मुलांना आधी हेच दोन सूर देतात, मग त्यांत वरचा एक मिळवतात. आपल्या भाषेत तो झाला धैवत. ग, प, ध. खाली सा आणि रे जोडले की झाला भूप राग. गाणं शिकणाऱ्या प्रत्येकाला आपल्याकडे बहुतेक भूपापासून सुरुवात करून देतात, याचं मला लहानपणी आश्चर्य वाटायचं. आता वाटत नाही. भूपाचा अर्धा रस्ता मूल गल्लीत हाका मारतानाच चाललेलं असतं.

म्हणून स्वयंपाकघरातून मुलाला साध्या आवाजात न बोलावता त्या दोन सुरांत बोलवा. "बा-ळा, ये-ना, जेवा-यला, ये-ना." ते त्याच सुरांत उत्तर देईल. काही दिवसांनी ते स्वतः शब्द बदलेल, "नाही-येत, नाही-येत." ते त्याचं पहिलं स्वतःचं गाणं, त्याला हसून दाद द्या. याला रोज पाच मिनिटं पुरतात आणि वेगळी वेळ काढावी लागत नाही. आंघोळ घालताना, स्कूटरवर पुढे उभं करून नेताना, रंकाळ्यावर फिरताना हे होतं.

लयीचंही तसंच. तबल्याचा तीनताल, त्यातही विलंबित, हे त्या वयाचं खाद्य नव्हे. लहान मुलाची आतली लय आपल्यापेक्षा बरीच जलद असते. संथ ठेका धरून त्याला टाळ्या द्यायला लावणं म्हणजे त्याला मोठ्या माणसाच्या चपला घालून चालवणं. आपण त्याच्या चालीत टाळी द्यावी. भाकरी थापताना होणारा आवाज, जिना उतरताना मोजलेल्या पायऱ्या, तालमीसमोर कडाडणारी हलगी, यांतून केहरव्याचा आठ मात्रांचा ठेका त्याच्या अंगात आधी उतरू दे. त्याचं नाव त्याला पुढे कळेल.

पेटीबद्दल एक. ज्या गावाने गोविंदराव टेंबे यांच्यासारखा पेटीवादक दिला तिथे हे म्हणताना मला संकोच वाटतो, पण चार वर्षांच्या मुलासमोर पेटी आणू नका. पेटीचा सूर तयार मिळतो. पट्टी दाबली की आला. मुलाचं लक्ष बोटांकडे आणि भात्याकडे जातं आणि कान आळसावतो. तानपुऱ्याचं उलट आहे. तो नुसता आधार देतो, सूर मुलाला स्वतः शोधावा लागतो. आपल्यापासून पन्नास किलोमीटरवर, मिरजेत, देशातले उत्तम तानपुरे बनतात. ते घेणं प्रत्येकाला परवडणार नाही, पण मोबाईलवर तानपुऱ्याचं अ‍ॅप फुकट मिळतं. संध्याकाळी दहा मिनिटं ते मंद लावून ठेवावं आणि घरातल्यांनी आपापली कामं करावीत. बस.

काही पालक मला विचारतात, गाण्याने बुद्धी वाढते म्हणे? मोझार्ट ऐकवला की मूल हुशार होतं म्हणे? या समजुतीचं मूळ १९९३ साली अमेरिकेत झालेल्या एका प्रयोगात आहे. तो कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर झाला होता, लहान मुलांवर नाही, आणि जो फरक दिसला तो दहा-पंधरा मिनिटं टिकला होता. त्यावर जगभर पाळण्यातल्या बाळांसाठी सीडी खपल्या. गणितात मार्क मिळावेत म्हणून गाणं शिकवू नका. गणितासाठी गणित शिकवा. गाणं शिकवायचं कारण गाण्यातच आहे. माणसाला दुःख होतं, आनंद होतो, कंटाळा येतो, आणि त्या वेळी गळ्यातून काही निघालं तर हलकं वाटतं. ते निघावं यासाठी गळा मोकळा असावा लागतो, आणि तो लहानपणीच मोकळा राहिलेला बरा. माझ्या भावाने वडील गेले तेव्हा टाळ हातात घेतला आणि भजनात नुसते ओठ हलवले. त्या दिवशी त्याला गाता आलं असतं तर.

माझ्या म्हणण्यावर आक्षेप आहेत आणि ते मी कानाआड करत नाही. एक गृहस्थ म्हणाले, मूल खरंच विलक्षण असेल तर त्याची वर्षं वाया जातील त्याचं काय? असं मूल असतं. ते स्वतःच दाराशी जाऊन बसतं, त्याला ओढून आणावं लागत नाही. असं मूल माझ्याकडे आलं तर मीही वयाचा नियम बाजूला ठेवीन. पण टीव्हीवरच्या स्पर्धेत सहा वर्षांची मुलं मोठ्यांची विरहगीतं मोठ्यांच्या हातवाऱ्यांसकट गातात, ते पाहून आपल्या मुलाला पुढे रेटणाऱ्या घरांत विलक्षणपण मुलाचं नसतं, घाई आईवडिलांची असते. त्या कोवळ्या गळ्यावर मोठ्यांची पट्टी आणि मोठ्यांचा जोर लादला की आवाज बसतो. माझ्याकडे आलेल्या दोन मुलींचा नवव्या वर्षी असा घोगरा झालेला आवाज मी ऐकला आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. आईवडील दोघंही कामाला, घर दोन खोल्यांचं, आज्जी गावाकडे, संध्याकाळी सात वाजता घरी आलेल्या बाईने भाकऱ्या करायच्या की गाणी म्हणायची? मला याचं उत्तर "वेळ काढा" असं देता येत नाही. तसं म्हणणं अन्यायाचं होईल. जपानच्या शिनिची सुझुकी यांच्या पद्धतीत मुलाच्या हातात व्हायोलिन देण्याआधी आईला ते वाजवायला शिकवतात. ऐकायला सुंदर आहे, पण त्यासाठी दुपारी मोकळी असलेली आई लागते. माझी 'प ग'ची हाक भाकऱ्या करता करता होते, एवढंच मी सांगू शकते. बाकीचं ओझं एकट्या घरावर टाकायचं नसेल तर ते समाजाने उचललं पाहिजे, आणि हा प्रश्न तिथेच सार्वजनिक होतो.

शिक्षण हक्क कायदा २००९ साली झाला. त्याच्या परिशिष्टात कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशकाची तरतूद आहे, पण ती सहावी ते आठवीच्या वर्गांना, तेही शंभराहून अधिक मुलं असलेल्या शाळांत. पहिली ते पाचवीला अशा शिक्षकाची अट नाही. म्हणजे कान ज्या वयात घडतो त्या वयात कायदा गाणं मागत नाही, आणि आवाज फुटायच्या वयात मागतो. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ वर्षांचा पायाभूत स्तर वेगळा काढला. तिथे खेळातून, गाण्यातून, गोष्टींतून शिकवायचं म्हटलं आहे. कागदावर ते उत्तम आहे. पण बालवाडीची बाई गायची कशी, कुठल्या पट्टीत, काय, हे तिला कुणी दाखवलं आहे? बऱ्याच ठिकाणी ती बिचारी ब्लूटूथचा स्पीकर लावते आणि मुलं त्यावर नाचतात. स्पीकरच्या त्या आवाजाचाही कुणी विचार करत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने मुलांसाठी आठवड्याला चाळीस तास पंच्याहत्तर डेसिबलची मर्यादा सांगितली आहे, आणि आपल्या मिरवणुकीतल्या डॉल्बीसमोर आपण मांडीवरची मुलं घेऊन उभे राहतो.

माझं मागणं फार मोठं नाही. महापालिकेच्या आणि जिल्हा परिषदेच्या प्रत्येक बालवाडीत, अंगणवाडीत, पहिली-दुसरीच्या वर्गात रोज वीस मिनिटं माणसाच्या गळ्यातलं गाणं व्हावं. स्पीकर नको, परीक्षा नको, स्पर्धा नको, आठ वर्षांखालच्या मुलांना बक्षीसही नको. सेविकांना आणि शिक्षिकांना वर्षातून चार दिवस कुणीतरी मुलांची पट्टी ओळखायला शिकवावं. मी स्वतः फुकट यायला तयार आहे आणि माझ्यासारखे क्लास घेणारे आणखी वीस जण तरी मी गोळा करू शकेन. प्रत्येक पेठेत भजनी मंडळ आहे. त्यांतले आज्जी-आजोबा आठवड्यातून एकदा शेजारच्या शाळेत जाऊन बसू शकतात. हादग्याची, पंचमीची, गौरीची गाणी त्यांच्याबरोबर संपण्याआधी कुणाच्या तरी गळ्यात उतरायला हवीत. पेठांच्या तालीम मंडळांनी गणपतीच्या वर्गणीतला थोडा वाटा यासाठी ठेवला तर तेवढ्यात हे होईल.

शाहू महाराजांनी १९१७ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. त्याच राजाने अल्लादियाखाँसाहेबांना दरबारात ठेवलं आणि १९१५ साली खासबाग मैदानाला लागून पॅलेस थिएटर उभं केलं. त्याला पुढे गायक-नट केशवराव भोसले यांचं नाव दिलं गेलं. केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री, ८ ऑगस्ट २०२४ ला, ते जळालं. दुसऱ्या दिवशी मी तिथे गेले होते. रस्त्यावर म्हातारी माणसं उघड उघड रडत होती. नाट्यगृह पुन्हा उभं राहिलं पाहिजे यावर सगळं शहर एका आवाजात बोललं आणि ते योग्यच झालं. पण त्या रंगमंचावर पुढे उभी राहणारी आणि त्या खुर्च्यांत बसणारी मुलं आज चार वर्षांची आहेत. उद्या सकाळी त्यांच्या बालवाडीत कोण गाणार आहे, याचं उत्तर मला नाट्यगृहाच्या आराखड्याइतक्याच तातडीने महापालिकेकडून हवं आहे.

जूनमध्ये परत पाठवलेल्या त्या आईचा श्रावणात फोन आला. सासूबाईंना पंचमीची सात-आठ गाणी येतात, ती जुनी आहेत, चालतील का, असं विचारत होती. चालतील म्हटलं. मग तिने विचारलं, "मी पण म्हणू का त्यांच्याबरोबर? मला न्हाई येत नीट." मी म्हटलं, म्हणा की.